आज पंचवीस

भुसावळात नाताळ पंचवीस डिसेंबरलाच यायचा,
फक्त आमच्या क्वार्टरपाशी थांबायचा नाही.
थ्रू पास.

पप्पा मालगाडीचे गार्ड.
चोवीसच्या रात्री चर्चमधून घरी यावं,
बुटांच्या नाड्याही सुटलेल्या नसाव्यात,
तोच कॉलमन रमजानचाचा भिंतीला सायकल टेकवायचे,
रजिस्टर पुढं करून ओशाळं हसायचे,
"गार्डसाहेब, हॅपी क्रिसमस. पावणेदोनची आहे. बडनेरा."
पप्पा सही करायचे.
आई त्यांच्या डब्यात चार करंज्या जास्त घालायची,
दोन चाचांच्या हातावर.

मग थांबणं.
पातेल्यात वाळू घालून शेगडीवर भाजलेला केक,
एका बाजूनं दरवर्षी करपलेला,
परातीत पाणी, पाण्यात उपडी वाटी, वाटीवर तो.
मुंग्यांसाठी समुद्र.
आम्ही दोघं काठावर.
"हात लावशील तर बघ,"
आई एवढंच म्हणायची, तेही पाठमोरी.

शेजारच्या भंगाळेकाकूंकडे त्या दिवसांत
पऱ्हाट्यांवर वांगी भाजत.
धुरात डोळे बारीक करून त्या विचारायच्या,
"काय वं, आले नाही का अजून?
पोरायले तरी दे एक तुकडा."
आई हसायची. तुकडा द्यायची नाही.
आम्ही भरीत-पुऱ्या खायचो त्यांच्या अंगणात,
आपल्याच सणाला पाहुणे.

दारात कामट्यांचा तारा, पतंगाच्या कागदाचा.
वीज गेली की आत पप्पांचा जुना हातदिवा.
सुवार्ता त्याची काच फिरवून लाल करायची,
"सिग्नल नाही. नाताळ आउटरला उभा आहे."

मला हसू यायचं नाही.
नवा शर्ट घडी न मोडता कपाटात,
आणि लाइनीतली पोरं आपापले दाखवून मोकळी.
पंचवीसला सणच नसलेलं घर
पूर्ण कॉलनीत आमचंच, असं वाटायचं मला.
(ते खरं नव्हतं. पलीकडच्या लाइनीत
ड्रायव्हर होते, फायरमन होते,
पण दहा वर्षांच्या मुलाला
पलीकडची लाइन दिसत नाही.)

एका वर्षी इटारसीकडे कुठंतरी डबे घसरले.
सव्वीस गेली. सत्तावीस गेली.
अठ्ठावीसच्या सकाळी पप्पा आले,
मानेपर्यंत काळे, हातात संत्र्यांची पिशवी.
आंघोळ केली. बसले.
केकचा धोंडा झालेला.
तो चहात बुडवत त्यांनी विचारलं,
"सुवार्ता, आज तारीख किती?"
"अठ्ठावीस."
"चूक. आज पंचवीस."
आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली,
नेहमीपेक्षा जरा लांबच.
आमेनच्या आधी मध्येच थांबले.
झोप लागली होती त्यांना.
आम्ही कुणीच उठवलं नाही.
चहावर साय धरेपर्यंत
चौघं तसेच बसून.

आता पप्पा नाहीत. क्वार्टर दुसऱ्यांना मिळालंय.
आई जामनेर रोडच्या फ्लॅटमध्ये,
ओव्हन आहे, केक चारी बाजूंनी सारखा भाजतो,
तिला ते आवडत नाही.
सुवार्ता सुरतेला, सरकारी दवाखान्यात.
नाताळच्या रात्री तिची ड्यूटी,
थर्टी फर्स्टला तर विचारूच नका.
आज दोन जानेवारी.
ताप्तीच्या पुलाआधी गाडी उभी असेल,
म्हणजे असावी,
ती फोन उचलत नाहीये.

रुबेन केव्हाचा परातीपाशी उभा.
"आत्या येईपर्यंत? का पण?
एक तुकडा खाल्ला तर काय होतं?"

मी सांगणार होतो त्याला
रजिस्टरबद्दल, संत्र्यांबद्दल,
झोपेत अडकलेल्या एका आमेनबद्दल.
तोंड उघडलंही.
मग खिडकीबाहेरचा तारा नीट करता करता,
पाठमोराच म्हणालो,
"हात लावशील तर बघ."

आई आतून हसली.
परातीच्या काठावर एक मुंगी
कधीची फेऱ्या घालते आहे.